नानांचा नऊ

नाना देवणीकर कॅल्क्युलेटर हातात आला की आधी त्याचा वास घ्यायचे. मागचं झाकण सरकवायचं, बॅटरीच्या खणाला नाक लावायचं आणि डोळे मिटायचे. बटणांना हात नंतर. चिक्कडपल्लीच्या त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने बघायला मी गेलो, तेव्हा ते ओट्यावर हेच करत बसले होते. मला वाटलं, म्हातारा तपकीर ओढतोय.

"बॅटरी आत गळली की उग्र वास येतो," ते म्हणाले. "वरून चकाचक असतंय हो, त्याला काय मतलब नाही. तुम्ही पुण्याचे काय? बसा."

परदेशी मालाला दारं उघडली होती, ते दिवस. माझ्यासारखी पोरं सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या धरून हैदराबादला येत होती. दुकानांत चपटे, हलके, स्वस्त कॅल्क्युलेटर आले, ऑफिसांत संगणक आले आणि जुनी जाडजूड सायंटिफिक यंत्रं भंगारात पडू लागली. नाना ती तिथून उचलून आणत. गुरुवारी जुम्मेरात बाजार, एरवी अफझलगंजचा एक भंगारवाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, बायको गेल्यावर एकटा राहणारा हा माणूस घरी येऊन कापसाच्या बोळ्याने एकेक बटण पुसायचा.

मग परीक्षा. नऊ दाबायचा. त्याचा साईन, आलेल्या उत्तराचा कोसाईन, त्याचा टॅन. मग त्याच वाटेने उलटं यायचं. शेवटी पुन्हा नऊ दिसायला हवा. जुन्या यंत्रात तो नेमका कधीच येत नसे, दशांशात थोडा इकडेतिकडे व्हायचा, आणि त्या फरकावरून नाना यंत्राचं कूळ सांगत. नऊच का, असं मी एकदा विचारलं. "आठ घे. कोण नक्को म्हणतंय?" पण घ्यायचे नऊच. "जाऊन आला बघ," म्हणायचे, "वाटेत थोडा सांडला. चालायचंच." दिवाळीला पुण्याला जाऊन मी परतलो की जिन्याखालूनच विचारायचे, "आलास? किती सांडलास?"

सगळ्यांत त्यांचा जीव होता तो लाल आकड्यांच्या एका काळ्या यंत्रावर. नोकरीत असताना त्यांच्या साहेबांनी तसं एक परदेशातून आणलं होतं. नाना शेजारी बसून लॉगच्या कोष्टकांवर कालव्यांची गणितं करत. यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती. निवृत्तीनंतर अगदी तसंच त्यांना अफझलगंजला सापडलं. त्याचा एक धोका होता. बॅटरी आत नसताना चार्जर जोडला तर वीज थेट आतल्या भागांवर जाते आणि यंत्र जळतं. "बॅटरी आधी, वायर नंतर. एहतियात," हे नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दूधवाल्यालाही ते पाठ झालं होतं.

त्यांची मुलगी सुनंदाताई नांदेडला असायची. एकदा नानांनी दूध गॅसवर विसरून पातेलं करपवलं, तेव्हापासून तिने लकडा लावला होता, घर विका, माझ्याकडे चला. नानांचं उत्तर ठरलेलं होतं. "डोकं ठिकाणावर आहे तोवर मी इथंच. हे काळं यंत्र उलटं लावीन, बॅटरीआधी वायर, त्या दिवशी घेऊन जा मला."

हे वाक्य माझ्यासमोर अनेकदा झालं होतं. म्हणून पुढचं मी अजाणता केलं, असं म्हणायची सोय नाही.

नातवाच्या बारशाला नाना नांदेडला गेले. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. रविवारी ऑफिसातला एक मित्र आला होता. त्याला ते लाल आकडे दाखवायचे होते. प्रवासाला जाताना नाना बॅटरी काढून वेगळी ठेवत. ती मला पटकन सापडली नाही, मी फार शोधलीही नाही. क्षणभरच तर लावायचंय, असं म्हणून चार्जर जोडला. सगळे आकडे एकदम पेटले आणि विझले. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मी यंत्र पुसलं, पिशवीत घातलं, जागेवर ठेवलं.

नाना आले त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. यंत्र मांडीवर होतं, झाकण उघडं. त्यांनी वास घेतला होता.

"किल्ली तुझ्याकडं होती. तू हात लावला होतास का रे?"

"नाही, नाना."

ते रागावतील, खोली सोडायला सांगतील, ही भीती नव्हती. मला त्यांनी मुलासारखं मानलं होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. एवढंच कारण. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलंसुद्धा नाही. यंत्राकडे बघत राहिले.

"मग मीच," ते म्हणाले. "निघायच्या गडबडीत लावलं असणार मी. आठवत नाही म्हणजे बघ."

नांदेडला फोन त्यांनी स्वतः केला. पुढच्या महिन्यांत घर विकलं गेलं. कॅल्क्युलेटर ज्या भंगारवाल्याकडून आले त्याच्याचकडे परत गेले. निघताना ते काळं यंत्र त्यांनी मला दिलं. चार्जर मात्र वेगळ्या कागदात बांधलेला होता. "लांब लांब ठेव दोघांना. माझ्यासारखं करू नकोस."

पुढे नाना नांदेडलाच वारले. ताई फोनवर म्हणाली, डॉक्टर नेहमी सांगायचे, यांची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली आहे, पण नानांना ते पटायचंच नाही. मी "हो" म्हणालो. खरं काय ते तिला आता, हे वाचूनच कळेल.

त्याआधी एकदाच मी त्यांना भेटायला गेलो होतो, सगळं सांगायचं ठरवून. नाना खुर्चीत बसून होते. स्वयंपाकघरात ते जात नसत, गॅसला हात लावत नसत. टेबलावर एकही यंत्र नव्हतं. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "जरा बघतोस? मोरीतला नळ बंद केलाय का मी?"

मी जाऊन पाहिलं. नळ घट्ट बंद होता, खाली फरशी कोरडी होती.

"बंद आहे, नाना. तुम्हीच केलाय."

"तू म्हणतोस तर असेल," ते म्हणाले.