दोन चाकं आणि दोघी जावा

मी शाळेत गणित शिकवते, माझा आवाज मोठा आहे आणि मला राग पटकन येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं अगदी उलट. त्या निफाडकडच्या, शेतकऱ्याघरच्या. नाशिक रोडला येऊन जन्म गेला तरी बोलण्यातलं गाव सुटलेलं नाही, पण त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्या खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वरच्या. भाजी एकीकडची, भाकरी दुसरीकडची, असं आमचं वर्षानुवर्षं छान चाललंय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे कोकणात गेलो होतो. समुद्रावर आमच्या घरची एक ठरलेली रीत आहे. पुरुष आणि पोरं पाण्यात जातात, आणि आम्ही दोघी जावा वाळूत बसतो. आमच्याभोवती चपला, मोबाईल, चष्मे, पाकिटं यांचा ढीग. अधूनमधून घोट्यापर्यंत पाय भिजवून यायचं, तेही आळीपाळीने, कारण ढिगाजवळ कुणीतरी हवंच. मी त्याबद्दल दरवर्षी कुरकुर करायचे. जाऊबाई कधीच करायच्या नाहीत.

त्या दिवशी पांढऱ्या केसांची एक बाई, वयाने जाऊबाईंएवढीच असेल, लांब फळीवर उभी राहून लाटेवरून सरळ किनाऱ्याला आली. एसटीतून उतरावं तशी फळीवरून उतरली, फळी काखेत मारली आणि परत पाण्यात गेली. मी म्हटलं, "बघा ताई, काय बाई आहे!" आणि वळून पाहिलं, तर जाऊबाई उठून चालायलाही लागल्या होत्या. थोड्या अंतरावर एक मुलगी लोकांना सर्फिंग शिकवत होती, तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ढीग तसाच टाकून मीही मागोमाग पळाले.

मुलीने विचारलं, "काकू, पोहता येतं का?"

"येतं की. विहिरीत शिकले. मोटेचं पाणी पडायचं त्या वरच्या थारोळ्यावरून उडी टाकायचे."

वीस-बावीस वर्षं एका घरात काढून मला हे माहीत नव्हतं. लाज वाटली मला. आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं होतं, त्यामुळे तेव्हा शिकणं काही जमणार नव्हतं. ती मुलगी म्हणाली, पुढच्या वर्षी या, पण तोवर घरी दोन चाकांच्या बोर्डवर सराव करा. बर्फावर घसरणारे लोकही उन्हाळ्यात त्याच्यावरच सराव करतात. अंगाचं वजन एकदा बोटांवर, एकदा टाचांवर टाकून वळायचं, एवढंच कसब. रस्त्यावर दोन्ही बाजूंना वळता आलं की लाटेवरचं निम्मं काम झालं.

परतीच्या वाटेवर जाऊबाई गाडीत सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पुढल्या दिवाळीला मी लाटेवर उभी राहणार हाय." सगळे हसले. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, गाडी चालवता चालवता सगळ्यांत मोठ्यांदा हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं, ही चेष्टा नाही. आजवर या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मीपण. समुद्र ताईंचा, बर्फ माझा." मनालीला मी एकदा भाड्याचा कुबट कोट घालून टायरवर बसून घसरले होते, त्याचा सल होताच.

बोर्ड माझ्या लेकीने मागवून दिला. खोका उघडला तेव्हा भाऊजी म्हणाले, "हे काय, दोन पाट जोडलेत?" खरंच तसंच दिसत होतं. दोन छोटे पाट, मधे पिळला जाणारा दांडा, आणि खाली एकापुढे एक अशी फक्त दोन चाकं, तीही गरागरा कुठेही फिरणारी. पायाने रेटायचं नाही. एकदा ढकलून वर चढायचं, मग पुढचा पाय एकीकडे, मागचा दुसरीकडे पिळत, कंबर हलवत राहायचं. हललात तर चालतो. थांबलात तर आपटलात.

आमच्या कॉलनीच्या मागे एक ले-आउट पडलाय. गुळगुळीत डांबरी रस्ते, दोन्हीकडे विजेचे खांब, 'बगीच्यासाठी राखीव' अशी पाटी, आणि घर एकही नाही. सगळ्या प्लॉटवर गवत आणि शेळ्या. रस्त्याला जरासा उतार. सकाळी तिथे आम्ही दोघी जायला लागलो. डोक्यावर स्कूटरची हेल्मेटं, सलवारीवरून गुडघेदुखीचे पट्टे, ओढणी कमरेला गच्च. फिरायला येणारी रिटायर्ड मंडळी थांबून बघायची. एक जण रोज सल्ला द्यायचे, "वजन पुढे घ्या, पुढे!" तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी बोर्ड त्यांच्यापुढे नेऊन ठेवला आणि म्हटलं, "काका, या, दाखवा." तेव्हापासून ते पलीकडच्या रस्त्याने फिरतात.

पहिले काही दिवस मी इतकी पडले की शाळेत खुर्चीवर बसताना तोंड वाकडं व्हायचं. वर्गातल्या पोरी एकमेकींकडे बघायच्या. पण एकदा कमरेला ते पिळणं कळलं आणि काय सांगू, अंगात वारं भरलं! आपण काहीच रेटत नाही, कुणी ओढत नाही, तरी रस्ता पायाखालून सरसर जातोय. एक वळण डावीकडे, एक उजवीकडे. मी ओरडतच गेले त्या टोकापर्यंत. शेळ्या पळाल्या.

जाऊबाई सरळ जायला माझ्याआधी शिकल्या. बोटांवर वजन टाकून पुढच्या बाजूलाही वळायच्या, फार सुंदर वळायच्या. पण टाचांवर रेलून मागच्या बाजूला वळायचं म्हटलं की संपलं. अंग खांबासारखं ताठ, आणि बोर्ड सरळ गवतात. मागे काय आहे ते दिसत नाही ना, म्हणून भीती. आठवड्यांमागून आठवडे गेले, द्राक्षांचा हंगाम आला, तरी ते वळण येईना. मी म्हणायचे, "ताई, अंग सोडा." त्या म्हणायच्या, "सोडलंय की गं मास्तरीण." कुठचं सोडलंय! हाताच्या मुठीसुद्धा आवळलेल्या.

एका सकाळी त्या तशाच ताठ समोरून गेल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा ताठपणा मी रोज बघत होते. भाऊजींच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. भाऊजींचं एकच पालुपद, "मागे हलू नकोस, तोल जातो." लग्न झाल्यापासून ही बाई दुसऱ्याच्या तोलाला धक्का लागू नये म्हणून न हलता बसत आली होती. मला इतका राग आला, कुणाचा कोण जाणे, की मी रस्त्यावरून किंचाळले, "अहो ताई, तुम्ही भाऊजींच्या मागे नाही बसलेल्या! हला की!"

जाऊबाई बोर्डवरून उतरून रस्त्यातच बसल्या आणि पोट धरून हसल्या. "खरंय गं बाई तुझं," म्हणाल्या. पण हसून अंग थोडंच ऐकतं? त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या त्याच वळणावर मागच्या मागे पडल्या आणि मनगटाच्या हाडाला चीर गेली.

प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता. "बास झाली ही थेरं," ते म्हणाले. "पन्नाशी उलटली. रस्त्यावर हात मोडतो, समुद्रात काय मोडेल?" आणि बोर्ड माळ्यावर टाकून दिला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तोंड उघडणार तोच जाऊबाई म्हणाल्या, "तू गप. माझं मी बघते."

पण त्या काही बघेनात. प्लास्टर निघालं, उन्हाळा गेला, पावसाळा सरत आला, समुद्राचं नाव नाही. एकटीनेच ले-आउटवर जावं म्हटलं, तर बोर्ड त्यांच्या माळ्यावर. मी त्यांच्यावर चिडले होते हे कबूल करते. भाऊजी एकदा जिन्यात भेटले तेव्हा आपणहून म्हणाले, "मला कळतं तुम्हाला राग आलाय. पण तिला काही झालं ना, तर मला काही सुचणार नाही." आणि ते भाजीची पिशवी घेऊन निघून गेले. त्यांच्यावरचा राग तिथेच उतरला, पण मग भांडायचं तरी कुणाशी?

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या, आणि कुणीतरी म्हणालं, जावाजावांची फुगडी होऊन जाऊ दे. आम्ही हात धरले. पायाला पाय लावले, आणि सुरू. जाऊबाईंची फुगडी म्हणजे आमच्या कॉलनीत नावाजलेली. जशी गती वाढली तशा त्या मागे रेलल्या, आणखी रेलल्या, मान मागे, अंबाडा सुटलेला, सगळं वजन टाचांवर. मागे सोफा आहे का भिंत, कशाची पर्वा नाही. आणि मी फिरता फिरताच ओरडले, "ताई! हेच! हेच ते वळण!"

बायकांना वाटलं माझ्या अंगात आलं. एकीने तर कुंकू पुढे केलं. जाऊबाई मात्र थांबल्या, धापा टाकत माझ्याकडे बघत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "उद्या तर विसर्जन हाय. परवा जाऊ."

परवा सकाळी मी खाली गेले तेव्हा त्या स्टुलावर चढलेल्या. भाऊजी चहाचा कप घेऊन दारात. "आता काय काढतेस?"

"बोर्ड."

"मी तो वर टाकला होता."

"माळ्यावर लोणच्याची बरणी पण असते. ती कोण काढतं आजपर्यंत?"

आवाज नेहमीचाच, हळू.  भाऊजींनी कप ठेवला आणि स्टूल धरलं.

ले-आउटवर त्या बोर्डवर, मी त्यांच्यासमोर, दोघींचे हात फुगडीसारखे धरलेले. त्या मागे रेलल्या की बोर्ड मागच्या बाजूला वळायचा आणि मी त्यांच्याबरोबर पळायचे. त्या आठवड्यात मी जेवढी पळाले तेवढी शाळेच्या स्पर्धेतही कधी पळाले नव्हते. मग एका सकाळी, ऐन वळणात, त्या म्हणाल्या, "सोड गं हात." मी सोडला. त्या वळल्या. हात तसेच पुढे, आणि मोठं, गोल, निवांत वळण घेऊन माझ्याभोवतीच फिरून आल्या. मी रस्त्यात उड्या मारल्या. विजेच्या खांबाशी कानटोपी घातलेलं कुणीतरी उभं होतं, ते टाळ्या वाजवायला लागलं. जवळ गेले तर भाऊजी.

दिवाळीच्या सुट्टीत परत तोच किनारा, तीच शिकवणारी मुलगी. तिने जाऊबाईंना ओळखलं. कमरेएवढ्या पाण्यात तिने फळी धरली, त्या पोटावर आडव्या झाल्या, लाट आली की ती फळी ढकलून द्यायची. मी बाजूला पाण्यात उभी. पहिल्यांदा गुडघ्यावर आल्या आणि पडल्या. दुसऱ्यांदा उभं राहता राहता पडल्या. मग तर किती वेळा पडल्या, नाकातोंडात पाणी, डोळे लालबुंद. वाळूवरून भाऊजी माझ्याकडे हातवारे करत होते, बास करा म्हणून. मुलीने विचारलं, "काकू, थांबायचं का?"

"नाय."

 दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, आणि ही बाई पुन्हा कधी काही मागेल असं मला वाटत नव्हतं. देवा, एकदा उभी राहू दे रे हिला, एकदाच, असं मी खरंच पुटपुटले. एरवी मी देवाला गणिताच्या निकालासाठीसुद्धा त्रास देत नाही.

मग एक लाट आली, फार मोठी नव्हती. मुलीने ढकललं. जाऊबाईंनी हात टेकले, पाय आत घेतले, आणि उभ्या राहिल्या. गुडघे वाकलेले, ओले कपडे अंगाला चिकटलेले, नजर समोर. लाट त्यांना भिजणाऱ्या पोरांच्या घोळक्याकडे न्यायला लागली, तशा त्या टाचांवर रेलल्या आणि अलगद बाजूने निघून गेल्या. मी पाण्यात रडत होते, आणि ओरडतही होते, "ताई! ताई!" त्यांनी मागे पाहिलंसुद्धा नाही.

फळी वाळूपर्यंत गेली आणि रुतली. लाट परत गेली, भोवतीचं पाणी ओसरलं. आता उतरायचं, बस. पण जाऊबाई उतरेचनात. कोरड्या होत चाललेल्या वाळूत, न हलणाऱ्या फळीवर, तशाच गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून उभ्या. येणारेजाणारे बघायला लागले. भाऊजी टॉवेल घेऊन धावत आले.

"अगं, झालं की. आलीस तू. उतर आता."

"थांबा जरा," जाऊबाई म्हणाल्या. सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. "अजून थोडी उभी राहते."

भाऊजी टॉवेल खांद्यावर टाकून तिथेच शेजारी थांबले. पुढची लाट आली आणि त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. तरी ते थांबून राहिले.