कपाशीचं औषध स्वयंपाकघरात

"आधी मकड्या मारा साहेब, मंग मच्छर," म्हणत सखारामभाऊ दारात आडवे उभे राहिले. माझा फवारणीचा स्क्वॉड खांद्यावर पंप घेऊन ओसरीत ताटकळत होता.

मी तेव्हा मलेरिया इन्स्पेक्टर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवताप घरोघरी होता. भिंतींवर डीडीटी मारणं हे आमचं काम. त्या दिवशी डॉक्टरसाहेब जीप घेऊन राऊंड तपासायला आले होते. त्यांना पुढची गावं बघायची होती. एखादं घर सुटलं की विचारणा मला होणार.

सखारामभाऊंचा वांगी-मिरचीचा मळा होता, थोडी कपाशी. त्यांची मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या मानेवर लालभडक पट्टा उठला होता, त्यावर बारीक फोड. मकडी मुतली, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

"तुमच्या दवाईनं मकड्या मरत नाहीत," भाऊ म्हणाले. "मागच्या खेपीलेबी नाही मेल्या."

ते खरं होतं. डास भिंतीवर बराच वेळ बसून राहतो, त्याला औषध लागतं. मकडी जाळ्यात लटकलेली असते, भिंतीवर आली तरी पायांच्या टोकावर चालते. डीडीटीनं तिचं फारसं बिघडत नाही.

भाऊंनी कोनाड्यातून पत्र्याचा डबा काढला. "हे टाका तुमच्या बादलीत."

डब्यात एन्ड्रिन होतं. कपाशीवरच्या अळीचं जहाल औषध.

"हे घरात चालत नाही, भाऊ."

"काऊन? कपाशीवर मारतोच ना आपुन."

"कपाशीखाली कोणी झोपत नाही."

डॉक्टरसाहेब आले. त्यांनी सुमनची मान बघितली. "ही मकडी नाही. दिव्यावर एक लांबट किडा येतो. तो अंगावर चिरडला की असं भाजतं. साबणानं धुवा, बरं होईल."

"आमच्या घरात मकड्याच हायेत, साहेब," भाऊ म्हणाले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "नकार लिहा आणि चला पुढं."

ते जीपकडे वळले. माझा पाय निघेना. काय खटकतंय ते कळत नव्हतं. डबा भाऊंच्या हातात होता, झाकण घट्ट लावलेलं. तरी घासलेटासारखा उग्र वास येत होता, आणि तो घराच्या आतून येत होता.

इतक्यात सुमननं पाण्याचा गडू पुढं केला. "पाणी घ्या, साहेब."

मी गडू तोंडाजवळ नेला. पाण्यालाही तोच वास होता. गडू तसाच खाली ठेवला.

"भाऊ, घरात मारलं का हे?"

त्यांनी डबा पाठीमागं घेतला. मी परत विचारलं.

"सकाळी. जराकसं. काठीले चिंधी बांधून, चुलीमागच्या कोपऱ्यात."

मी आत गेलो. त्याच कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ होता. वरची मकडीची जाळी भिजून लोंबत होती. माठावरचं झाकण सरकलेलं, आणि पाण्यावर तेलकट, रंगीत तवंग.

"हे पाणी कोण प्यायलं?"

"मी पिली," सुमन म्हणाली. "आत्ताच, भाकरीसंग. आई तं मळ्यात गेली."

मी अंगणातून ओरडलो. साहेब जीपमधून उतरून पळत आले.

"ओकारी काढू का?" मी विचारलं.

"अजिबात नको. हात-तोंड धुवून गाडीत बसवा. या औषधानं झटके येतात, त्यात ओकारी छातीत जाईल."

पुढच्या गावांचं नाव त्यांनी परत काढलं नाही. भाऊंना चपला सापडेनात. ते अनवाणीच जीपमध्ये चढले आणि मुलीचा हात धरून बसले.

जीप गेली, धूळ खाली बसली. माझ्याकडे करायला काही नव्हतं आणि स्वस्थ बसवत नव्हतं. मग स्क्वॉडला घेऊन मी कामाला लागलो. आडापासून लांब खड्डा घेतला, पाणी ओतलं, माठ फोडून पुरला. कोपरा आधी राखेनं, मग साबणानं धुतला. धुणारा आधी हाताला तेल चोपडायला निघाला होता; तेलानं ते औषध उलट अंगात शिरतं, म्हणून मी लावू दिलं नाही. भिजलेली जाळी काठीनं उतरवून त्याच खड्ड्यात टाकली.

गोदाबाई, सुमनची आई, मळ्यातून आल्या. मी झालं ते सांगितलं.  त्यांनी माझ्या हातातली केरसुणी घेतली आणि त्या बाकीच्या घरातली जाळी काढू लागल्या. भिंतीवर कागदासारख्या पांढऱ्या टिकल्या होत्या. कापलं-खरचटलं की लोक त्या जखमेवर लावत, म्हणून कोणी काढत नसे. त्यांत मकडीची अंडी असतात. बाईंनी एकेक खरवडून काढली. सरपण बाहेर नेलं, कौलाखालच्या फटी मातीनं लिंपल्या. हात चालू होते, पण दोघांचेही कान रस्त्याकडे.

ऊन उतरल्यावर जीप आली. त्यात सुमन नव्हती. बाईंनी केरसुणी टाकली.

"दुपारी हातपाय थरथरले, एक झटका आला," साहेब म्हणाले. "आता शांत आहे. पोटातलं बाळ हलतंय. दवाखान्यात ठेवलंय, भाऊ तिथंच थांबलेत."

सुमन घरी आली, आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली.

पुढच्या राऊंडला मी त्या घरी गेलो. मकड्या परत आल्या होत्या. त्या येतातच. गोदाबाई आठवड्याला जाळी काढत होत्या, तेवढं पुरत होतं. भाऊ दारातून बाजूला झाले.

ट्रेनिंगला येणाऱ्या नव्या माणसांना मी पुढं एक गोष्ट सांगत आलो. लोक फवारणीला नको म्हणाले तर वाद घालू नका. त्यांनी स्वतः काय फवारलंय, ते आधी विचारा.