शब्बीर सर आणि एक ‘कायी’

धाप लागलेला पेशंट आला की आम्ही शिकाऊ डॉक्टर स्टेथोस्कोप उचलायचो. शब्बीर सर स्टूल ओढायचे. खाटेला खेटून बसत आणि विचारत, “काय खादं आज?” छाती दाखवायला आलेली माणसं बावचळायची. सर आम्हाला म्हणत, “आधी ताट, मग छाती. जेवण सुटलं असेल तर पोटात शिरा.”

सर दोंडाईच्याचे, शिंपीकाम करणाऱ्या घरातले. धुळ्याच्या आमच्या रुग्णालयात मेडिसिनचे प्रमुख होते, पण पेशंट त्यांना डॉक्टरभाऊच म्हणत. आता निवृत्त होऊन गावी गेलेत. काही नवीन वाचलं की त्यांना चैन पडायची नाही. एकदा असेच राउंडला तरातरा आले. “ऐका रे! वर्षानुवर्षं फुप्फुसं खराब राहून हृदयाची उजवी बाजू थकते ना, त्या पेशंटांच्या पोटात एच. पायलोरी जास्त सापडतो म्हणतात. अल्सर करणारा तोच जंतू!”

“म्हणजे जंतूमुळे हृदय बिघडतं, सर?” मी विचारलं.

“घाई करू नको, बाई. नातं दिसतंय. सख्खं की मानलेलं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. पण त्या घरी एकदा डोकवायला काय हरकत?”

मला हसू आलं होतं. कुठं पोट, कुठं फुप्फुस!

मग गंगूअक्का दाखल झाल्या. शिंदखेड्याकडच्या, चुलीच्या धुरात हयात गेलेली, हृदय तसंच थकलेलं. पाय सुजलेले, दोन शब्द बोलल्या की धाप. मी नेहमीचे प्रश्न उरकले. “संडासला काही त्रास?”

“कायी व्हस, माय.”

मी ऐकलं, ‘काही होतं’. म्हणजे वयोमानानं थोडंफार! केसपेपरवर ठोकून दिलं: विशेष तक्रार नाही. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी वाढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पांढऱ्याफटक पडल्या, नाडी पळायला लागली. हृदयच दगा देतंय म्हणून त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन ‘आता काही खरं नाही’ असंही मी सांगून बसले.

सर आले, अक्कांजवळ बसले. “काय खादं, अक्का?”

“काहीच नही, भाऊ. पोटमा आग पडस.”

“आनि संडास?”

“कालदिन बाईले सांगं ना मी! कायी व्हस. डांबरनी गत.”

सर ताडकन उठले. “काळी! काळी होते म्हणतेय ती! अगं, अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळीची केयी, काळीची कायी. जळगावची पोर तू, आणि एवढं कळेना? पोटात रक्त सुटलंय, बाई! अंगात रक्तच उरलं नाही तर ते बिचारं हृदय पळेल नाही तर काय करेल?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाढले जळगावात, पण घरी सगळं पुस्तकी मराठी! माझ्या एका ‘काही’पायी ही बाई मरायला टेकली होती.

रागवायला सरांना सवड नव्हती. गोळी बंद, रक्त सावकाश सुरू, मग ऑक्सिजन लावून पोटात दुर्बीण. असल्या छातीला दुर्बीण म्हणजे जिवावरचं काम. सर उशाशी उभं राहून सारखे तिच्याशी बोलत होते. अल्सर सापडला, पाझरत होता; तिथल्या तिथे बंद केला. पोटातला इवलासा तुकडा तपासणीच्या पट्टीवर ठेवला आणि बघता बघता पिवळा ठिपका गुलाबी झाला. जंतू होता! “बघा, डोकावलो की नाही त्या घरी?” सर लहान पोरासारखे ओरडले. लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, “पण या एका बाईवरून नातं सख्खं ठरत नाही, बरं का.”

जंतूचं औषध संपवून अक्का दाखवायला आल्या. स्वतःच्या पायांनी, मुलाच्या आधारानं. मी माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत विचारलं, “दम कसा शे, अक्का?”

“दम तर लागस, माय. पन आते भूक बी लागस!”

मला रडूच फुटलं. सरांच्या देखत मी सगळं सांगून टाकलं, की तुमचा शब्द मला कळला नव्हता, मी भलतंच लिहिलं, माझ्यामुळे तुमचा जीव जात होता. अक्कांनी माझा हात धरला.

“मंग परत इचारानं व्हतं ना, माय. मी जित्ती व्हतू ना!”