फोन सावलीतच होता

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही बोरी बुद्रुकचे नाही आणि माझ्या बांधावर तुम्ही येणार नाही. धीट वगैरे मी नाही, हे आधीच लक्षात घ्या. आणि रडणार तर मुळीच नाही. चूक सांगताना जे डोळे पुसतात, त्यांचा मला तिटकारा आहे. समोरच्यानं पाठीवर हात ठेवावा म्हणूनच ते रडतात ना?

तर — आमच्याकडे उसात बिबट्या. ही काही बातमी नाही. उसाला लागून कांदा असला, की बाया वाकून काम करायला भितात. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं म्हणे. म्हणून बांधावर फोन ठेवायचा आणि मोठ्या आवाजात कीर्तन लावायचं. गाणी नाही, कीर्तनच — कीर्तनकार जास्त ओरडतो. बिबट्या पळतो की नाही, देव जाणे. बायांचे हात मात्र चालतात, आणि मला तेवढंच हवं असतं.

पण दिवसभर ओरडणारा फोन द्यायचा कुणी? आपला फोन झिजेल म्हणून सगळ्यांचे हात आखडते. मग मी दिला. माझा जुना. कांदा काढणाऱ्या बायांच्या टोळीतल्या कमलला सगळ्यांच्या देखत म्हटलं, “हा तुझाच आता. घरी पण वापर.” बाया म्हणाल्या, ताईंचं मन लई मोठं. मी मान हलवली. वाहवा मी कधी परत केलेली नाही.

लोकांना फोन वापरण्याची अक्कल नाही, हे माझं जुनं मत. तापला की फ्रिजमध्ये ठेवतात. भिजला की तांदळाच्या डब्यात पुरतात. उशीखाली चार्जिंगला लावून झोपतात. बचत गटाच्या बैठकीत मी यावर तोंडसुख घ्यायचे, आणि बाया खाली मान घालून ऐकायच्या. मला सगळं कळतं अशी माझी ख्याती आहे. खोटी नाही ती. तीच तर अडचण आहे. मला कळत होतं.

काय कळत होतं? सांगते. गोल फिरून येतेय हे माझ्याही लक्षात येतंय.

फोन देण्याच्या आठवडाभर आधी मी तो नारायणगावला दुरुस्तीला नेला होता. पाठीचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं होतं. दुकानदारानं तो काचेवर उताणा ठेवला आणि बोटानं टिचकी मारली. फोन भिंगरीसारखा गरगर फिरला. तो म्हणाला, “मॅडम, बॅटरी फुगलीय. सपाट पाठ अशी फिरत नाय. आता चार्जिंगला लावू नका, पेट घेईल. बॅटरी काढून माझ्याकडं द्या, घरात पण ठेवू नका.” मी म्हटलं, बघते. नवा फोन तर पिशवीत होताच. घरी येऊन जुन्याला जाड रबरी कव्हर घातलं. आत दाबताना अंगठा दुखला. झाकण बसलं, फुगवटा दिसेना.

दिसेना म्हणजे नाही — असं एरवी दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर मी त्याची काय सालटी काढली असती!

काढणीचा तिसरा दिवस. ऊन कडक होतं. कमलनं उपड्या पाटीवर फोन ठेवला होता, करंजाखाली, पॉवर बँकेला जोडून. पाणी प्यायला मी तिथेच टेकले होते. पाटीच्या चारही बाजूंना हातभर सावली होती. हे मी पाहिलं. पुन्हा सांगते, म्हणजे मलाच पळवाट उरणार नाही: सावली होती.

दोनच्या सुमाराला फस्स आवाज झाला, धूर निघाला. कीर्तन मध्येच थांबलं. कमल सगळ्यात जवळ. बाकीच्या मागे सरल्या, ही पुढे धावली आणि तो जळता गोळा उजव्या हातानं उचलून ओल्या सरीत फेकला. का उचललास, असं नंतर एकीनं विचारलं, तर म्हणाली, “ताईंचा फोन व्हता ना.”

आणि मी काय केलं? तिचा हात पाण्यात धरला, ते खरं. पण त्याच वेळी तोंड सुरू होतं. उन्हात ठेवलास! अक्कल गहाण टाकलीस का?

ती कळवळत म्हणाली, “न्हाई वो ताई, म्या सावलीत ठेवला व्हता.”

“सावलीतला फोन पेटतो होय गं?”

तिनं करंजाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “ऊन सरकलं आसंल.”

बस्स. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माझ्या एका वाक्यावर सोडून दिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तिच्याआधी मीच उत्तर दिलं. उन्हात राहिला म्हणाले. पुढच्या बैठकीत तो जळका सांगाडा पिशवीतून काढून सगळ्यांना दाखवला. बघा, हयगय केली की काय होतं. कमल समोरच बसली होती, हाताला पट्टी. तिनंही मान हलवली.

तिची दोन बोटं आता मिटत नाहीत. विळा धरवत नाही, त्यामुळे कांद्याची पात कापायला टोळी तिला नेत नाही. ज्या हाताच्या वेगावर ती साऱ्या बायांच्या पुढे असायची, तो हात आता शेळीची दोरी धरतो. नव्या सुनांना ती स्वतःहून सांगते, माझ्यावाणी येडेपणा करू नका, ऊन सरकतं. माझं खोटं ती माझ्याहून चांगलं सांभाळते.

मागच्या आठवड्यात आली होती. मंचरच्या जावयानं तिला फोन घेऊन दिलाय. “ताई, तुमाला कळतं. बघा ना, ह्यो गरम न्हाई ना व्हणार?”

मी तो ओट्यावर उताणा ठेवला आणि टिचकी मारली. हात आपोआप गेला. फोन जेमतेम सरकला, फिरला नाही.

“हे काय करताय?”

“पाठ फुगलेली असली की फिरतो. मग वापरायचा नाही.”

कमल नवलानं हसली. तिनं स्वतः एकदा टिचकी मारून पाहिली, त्या न मिटणाऱ्या बोटानं. “लई सोपी युगत हाय की! तवा ठावं आसती, तर म्या बी फिरवून बघितला आसता. न्हाई का?”

मी म्हणाले, “हो.”

आणि चहाचं आधण ठेवलं.