मोजलेले हात

नव्या ताडपत्रीचा वास नाकात गेला की मला काळाचौकीतला आमच्या चाळीचा गणपतीचा मंडप आठवतो. संपानंतरचं वर्ष होतं, यजमानांची गिरणी पुन्हा उघडली नव्हती आणि घरी बसलेल्या पुरुषांचा राग घरातच निघत होता. त्या दुपारी मंडपात बायकांसाठी भाषण ठेवलं होतं. दादरहून आलेल्या वकीलबाईंनी बोलता बोलता विचारलं, "घरात ज्यांनी मार खाल्लाय त्यांनी हात वर करा." मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, न खाल्लेल्यांना सांगा, लवकर उरकेल." सगळ्या हसल्या, पण हसता हसता एकेक हात वर जाऊ लागला. शेजारी बसलेल्या सासूबाईंनीही हात वर केला आणि मला कोपराने ढोसलं. "तू पण कर गो. माका सगळा ऐकाक येता." एकाच खोलीत मधे फक्त साडीचा पडदा, ऐकू येणारच. मारणारा त्यांचाच मुलगा. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काहीतरीच काय, आई," म्हणत मी पदर सावरत बसले. मी पुढच्या रांगेत होते, म्हणून बाईंनी हात मोजायला मलाच सांगितलं. मी उभी राहिले, दोनदा मोजले आणि एकतीस म्हणून सांगितलं. आता टीव्हीवर कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका रस्त्यावर उतरलेल्या दिसतात, तेव्हा वाटतं, सुटतील एक दिवस सगळ्या. मग तो आकडा आठवतो. हिशेबात मी सहसा चुकत नाही. तेवढा एक आकडा मी जाणूनबुजून एकाने कमी सांगितला.