आईच्या वजनाची बाई

रस्त्यावर पडल्यावर तिनं आधी सायकलचं मागचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग माझा गुडघा दाबून पाहिला.

"ठीक हाय," ती म्हणाली. ते टायरबद्दल की माझ्याबद्दल, कळलं नाही.

आमच्या मागे ट्रक करकचून थांबला होता. त्याचं चाक माझ्या डोक्यापासून दोन हातांवर. कामठी रोड, सकाळची वेळ, मेट्रोच्या खांबाखाली मी सहासष्ट वर्षांची बाई कॅरियरवरून खाली आलेली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मरना है क्या, माताजी?"

"तुले घाई असन तं बाजूनं जा ना गा!" ती बसल्या जागेवरून ओरडली. तिचं कोपर सोललं होतं. तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

महाल भागातल्या एका खानावळीत आम्ही दोघी समोरासमोर बसून पोळ्या लाटायचो. अकरा वर्षं. अंगठ्यानं दाबून पाहण्याची सवय तिला तिथलीच. कणीक दाबून पाहायची, बाजारात टरबूज दाबून पाहायची, आणि सायकलचं टायर तर येता-जाता. नवरा कधीचाच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. एका जागी बसणं तिला जमायचं नाही. पोळ्या लाटतानाही पाय हलत राहायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ बसलं की आपल्यालाही बसवत नाही.

तिला गाडी लागायची. बस, ऑटो, कार, कशातही बसली की उलटी. तिच्या आईचं त्याहून वाईट. एकदा बसमध्ये म्हातारी उलट्या करून करून बेशुद्धच पडली होती. तेव्हापासून तिचं पारशिवनी गावाच्या बाहेर पाऊल नाही. लेकीचं माहेरी जाणंही सुटलं. दोघी फोनवर बोलत.

मग भावाचा फोन आला. होळी झाली की तो पुण्याला मुलाकडे कायमचा जाणार होता. घर बंद करून आईलाही कारमधून घेऊन जाणार.

"पुण्याले म्हणजे रात्रभर गाडी," ती मला म्हणाली. "पोचली तरी मले कुठं दिसन ती आता? मी तं इथल्या बर्डीपर्यंतही गाडीत बसू शकत नाई."

दोन दिवस तिनं पोळ्या जाळल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी तिले सायकलवर आणतो."

मी म्हटलं, "डोकं फिरलं का वं तुझं? कामठी, कन्हान ओलांडून तिकडे. आणि येताना म्हातारी मागं."

"पन्नास किलोचं पोतं नेतोच ना मी चक्कीवर."

खानावळीचे गहू दळायला तीच न्यायची, हे खरं. पण चक्की दोन गल्ल्या सोडून. त्याहून लांब तिनं आयुष्यात सायकल नेली नव्हती.

तयारी सुरू झाली. रोज पहाटे पोतं बांधून ती एक चौक पुढे जायची. आठ दिवसांत कामठीपर्यंत जाऊन परत येऊ लागली. नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून नवी ट्यूब टाकून घेतली. तो म्हणाला, "काकू, रेस हाय का?"

"हो. भावासंग."

मग एक दिवस तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मावशी, तू माह्या आईएवढीच भरशील." माझी निवड अशी वजनावरून झाली.

चूक दोघींचीही होती. पोतं मधोमध बांधलेलं असतं आणि हलत नाही. मी बायका बसतात तशी एका बाजूला पाय सोडून बसले, आणि खड्डा आला की घाबरून वळून पाहू लागले. सायकल माझ्या बाजूला ओढली गेली आणि आम्ही ट्रकपुढे पडलो.

घरी येताना ती सायकल हातात धरून चालत होती. मधेच कॅरियर अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग म्हणाली, "दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागन."

"म्हातारी बसेल का तशी?"

"आधी तू बस."

शेजारणीची सलवार मागून आणली. मी ती घालून, साडी वर खोचून गल्लीत सायकलवर बसले. बायका दारात येऊन हसल्या. मी म्हटलं, "हसून घ्या. उद्या तुमचीही म्हातारपणं येतीन." सायकलवाल्यानं मागे पाय ठेवायला दोन्हीकडे लोखंडी पट्ट्या लावून दिल्या. कॅरियरवर गोधडी बांधली. आम्ही कन्हानपर्यंत गेलो आणि आलो. माझी कंबर पुढे आठवडाभर धरली होती.

होळीच्या आधी ती एकटी निघाली. ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा, पिशवीत पंप, पाण्याच्या दोन बाटल्या. त्या दिवशी मलाही बसवेना. एकाही पोळीवर लक्ष नव्हतं. मालक म्हणाले, "मावशी, आज पापड भाजून राहिल्या काय?"

फोन दुपारी आला.

"पोचली का वं?"

"पोचली." आवाज बसलेला.

"काय झालं? म्हातारी बरी हाय ना?"

"मावशी, तिले उचलून बसवून पाहिलं सायकलवर. जोर लावला तं हात वरच गेले. काहीच नाई वं तिच्यात. तुह्या अर्धीही भरत नाई. मी कोणाच्या वजनाची तयारी करत होती?"

"उद्या सकाळी लवकर निघ, ऊन होतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आल्या. भाऊ कन्हानच्या पुलापर्यंत मोटरसायकलवरून मागे मागे आला होता. पुलावर थांबून आईच्या पाया पडला आणि वळून गेला. म्हातारी लुगड्यानं लेकीच्या पाठीशी बांधलेली. दोन्हीकडे पाय, डोळे मिटलेले. मी तिला सोडवून उतरवलं. तिनं डोळे उघडून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हीच का वं ते?" ती लेकीला म्हणाली. "एवढी लठ्ठ समजत होती का तू मले?"

लेक गल्लीत मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. अकरा वर्षांत ती एका जागी इतका वेळ बसलेली मी तेव्हाच पाहिली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ती भर दुपारी गहू घेऊन चक्कीवर गेली. मी म्हटलं, ऊन उतरू दे. थांबणारी नव्हतीच. तिला ऊन लागलं. दोन दिवस दवाखान्यात होती. भाऊ आला, तेरवीपर्यंतचं सगळं करून पुण्याला परत गेला.

ती एक्कावन्न वर्षांची होती. तिची आई आता ब्याऐंशीची आहे. माझ्या खोलीत राहते.