पंचांनी खाल्लेले तीन लाख

एकदा निर्णय दिला की पंच त्याचं कारण सांगत नसत. बॅट्समनने विचारलं, कॅप्टनने विचारलं, सरपंचाने विचारलं, तरी नाही. स्वतःच्या मुलाला एकोणपन्नासवर रनआऊट दिलं, तेव्हा मुलगा दोन दिवस बापाशी बोलला नाही. बायकोने विचारलं, "पोरगा पोचला होता ना वो?" तर म्हणाले, "भाकरी वाढ."

ते माझे चुलत दीर. आमच्या चौक गावच्या मैदानाच्या कडेला माझी वड्याची गाडी आहे, तिथून मी त्यांना वीस-पंचवीस वर्षं पाहिलं. मी चौथी शिकलेली, क्रिकेटमधलं निम्मं मला आजही कळत नाही. पण कोण रडी खेळतो ते लांबूनही कळतं. मागच्या शिमग्याआधी पंच वारले. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची मला सवय नाही. माणूस हेकट होता. चहात साखर कमी पडली तर कप तसाच ठेवून उठायचे आणि का उठले तेही सांगायचे नाहीत.

ओव्हर मोजायला त्यांच्या खिशात सहा चिंचोके असायचे. साजगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रविवारी पंच म्हणून उभं राहण्याशिवाय त्यांना दुसरं काम नव्हतं. टेनिस बॉलच्या मॅचला इकडून लोधिवलीपर्यंतच्या टीम यायच्या आणि सगळ्यांना पंच म्हणून हेच हवे असायचे.

मग फोनवर टीम लावायचा खेळ आला. मॅच टीव्हीवर चालायची आणि इकडे पोरं अकरा जण निवडून पैसे लावायची. गॅरेजवाला रव्या आणि त्याचे तीन मित्र पंचांच्या मागे लागले. "काका, पिच बघून तुमी नुसतं सांगा कोण चालंल." चौघांच्याही बँकेत गाड्यांचे हप्ते थकलेले, पैसे आले तर बँकच कापून घेणार. म्हणून पॅनकार्ड, खातं, फोन सगळं पंचांचं. जिंकलं तर पाच समान वाटे, असं माझ्याच गाडीपाशी ठरलं.

आणि एका मॅचला दहा लाखांचं बक्षीस लागलं! रव्याने फोनचा फोटो गावभर फिरवला, पेढे वाटले. प्रत्येकाला दोन लाख, हा हिशोब शाळेतल्या पोरांनाही पाठ झाला.

बँकेत आले सात. पंचांनी पाच वाटे केले आणि एक लाख चाळीस हजार प्रत्येकाच्या हातात ठेवले.

"बाकीचे, काका?"

"सरकारने कापले."

"आपल्याला कसला टॅक्स? आपुन शेतकरी हाय. माझ्या बापाने जन्मात भरला नाय."

ते खरंच होतं. रव्याच्या बापाने भरला नव्हता, माझ्या नवऱ्यानेही नाही. भाताला टॅक्स नसतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे दुसरं काही कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दोन दिवसांत चौकभर झालं, पंचांनी तीन लाख खाल्ले. पुढच्या रविवारी साजगावच्या कॅप्टनने सरळ सांगितलं, "दुसरा माणूस उभा करा. जो भागीदाराला लुबाडतो, तो आमाला काय सोडंल?" पंच टोपी काढून माझ्या बाकावर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी साखरेचंही पाहिलं नाही.

मी म्हटलं, "भावजी, कागद आणून दाखवा की त्यांच्या तोंडावर."

"पंच कारण देत नसतो, वैनी."

"मैदानात देऊ नका. ही वड्याची गाडी हाय."

नाही ते नाहीच. मात्र टॅक्सचं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा गुपचूप खोपोलीला फॉर्म भरणाऱ्या पोरीकडे गेले. परत आले ते तोंड वाकडं करून. "शेतीची कमाई येगळी म्हणते ती. खेळातल्या बक्षिसाचे तीस टक्के आधीच कापतात. त्या टॅक्सवर आनखी चार टक्के सेस ऱ्हायलाय, बारा हजार. तो आपुन भरायचा."

"मग?"

"भरला."

मला हसूच आलं. त्या पोरीने दिलेला कागद मी त्यांच्या पिशवीतून सरळ काढून घेतला, झेरॉक्स केली आणि तेलाच्या डब्यावर भिजवलेल्या पिठाने चिकटवली. इंग्रजी मला येत नाही, पण दहा लाखाची शून्यं आणि तीन लाखाची शून्यं मोजता येतात. रव्या वडा खायला आला तेव्हा त्याचं बोट धरून त्या आकड्यांवर ठेवलं.

"भाताला टॅक्स नाय रं, कबूल. पण मोबाईलवर भात उगवतो का? आन् तीन लाख खाल्लेला माणूस वर बारा हजार भरायला एसटीने जाईल का?"

रव्याने वडा अर्धाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी चौघं पंचांकडे गेले, सेसचे चोवीसशे-चोवीसशे घेऊन. मी मुद्दाम सोबत गेले.

"नको," पंच म्हणाले. "तुमचे घेतले, तर उद्या तुमाला आऊट कसा देऊ?"

"घेतले नाय तरी आऊटच देता की वो काका!" रव्या म्हणाला, आणि पंच कित्येक महिन्यांनी हसले.

मग आपणहून बोलले, आणि त्यांनी कारण दिलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. "टॅक्स सोडा. खेळणाऱ्यांबरोबर पंचाने भागी केली, तिथंच चुकलं. लोक बोलले त्यात लोकांचं काय चुकलं नाय." फोनमधला तो खेळ त्यांनी तिथेच काढून टाकला. पुढे सरकारने तो सगळ्यांचाच बंद केला.

हंगामाच्या शेवटच्या मॅचला साजगाववाल्यांनीच त्यांना बोलावलं. मला मात्र धाकधूक होती, कारण बॅटिंगला रव्या, दोन चेंडू बाकी, तीन रन हवेत. रव्या दुसऱ्या रनला धावला, थ्रो आला, स्टंप उडाले. कढईतला घाणा तसाच टाकून मी पुढे गेले. आऊट दिलं असतं तर सोपं होतं, भागीदारालाही सोडलं नाही म्हणून सगळं मैदान खूश झालं असतं. पंचांनी मान आडवी हलवली. नॉट आऊट. कालपर्यंतचा भागीदार, आणि नॉट आऊट.

साजगावचा बॉलर कमरेवर हात ठेवून पंचांकडे पाहत राहिला. मी ओळखलं, आता हा तीन लाखांचा विषय काढणार. पण त्याने चेंडू शर्टाला पुसला आणि शेवटचा बॉल टाकायला मागे चालत गेला.